मोडक्या डोलकाठीचं जहाज

या सौद्यातून थोरलीला काय मिळणार होतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण त्या दुपारी दुकानात जमलेल्या सगळ्यांचा असा पक्का समज होता की तिला काहीच मिळायचं नाही, आणि म्हणून सगळ्यांत ती एकटीच काय ती निःस्वार्थी.

अप्पांना, म्हणजे तिच्या सासऱ्यांना, नाव मिळणार होतं. थोरल्याला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, जन्मात एकदा तरी वडिलांच्या उपयोगी पडलो असं चारचौघांत सांगता येणार होतं. धाकट्या दिराच्या पदरात काही पडणार नव्हतं, उलट हाती आलेलं गिऱ्हाईक जाणार होतं. तो जागांची दलाली करायचा आणि बापाचं दुकान विकायला त्यानं माणूस बघून ठेवला होता. म्हणून तो सकाळपासून तोंड पाडून बसला होता. आणि थोरलीला मिळणार होतं हे दुकान. मालकी नव्हे, मालकीची हौस तिला नव्हती. मागच्या खोलीतलं खिडकीजवळचं टेबल, त्यावरची डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न, भिंगाचा दिवा, कुणाच्या तरी माळ्यावरून निघालेलं जुन्या कॉम्प्युटरचं मेलेलं मशीन, आणि ते पुन्हा डोळे उघडेपर्यंत कोणी हाक मारायची नाही, एवढंच. लग्न होऊन आली तेव्हा ती या खोलीत चहाचे कप न्यायला यायची. आता लोक लांबून पार्सलनं मशिनं पाठवत आणि चिठ्ठीत लिहीत, "बाईंनाच दाखवा."

हे टेबल वाचवायला एक कंपनी आयतीच चालून आली होती. टीव्हीला जोडायचे जुने घरगुती कॉम्प्युटर ही कंपनी पुन्हा नव्यानं बनवणार होती. बाहेरून तस्सेच, आतून नवे. त्यांत त्या काळचे खेळ भरलेले असणार होते आणि त्यांतला पहिला मानाचा खेळ होता 'दीपस्तंभ'. तो याच दुकानाच्या मागच्या खोलीत तयार झाला होता, आणि खेळाच्या पहिल्या पडद्यावर अप्पांचं नाव होतं. करार असा, की खेळाचे सगळे हक्क अप्पांनी कंपनीला द्यायचे, एकट्या कंपनीला. आणि कंपनीनं या दुकानाला दुरुस्तीचं अधिकृत केंद्र करायचं. पाटी लागली की धाकट्याचं गिऱ्हाईक आपोआप वाट धरणार होतं.

अडलं होतं ते एका क्लबापाशी. जुन्या कॉम्प्युटरांच्या शौकिनांनी हा खेळ इंटरनेटवर ठेवला होता, ज्याला हवा त्यानं फुकट घ्यावा असा. कंपनीचं म्हणणं, आधी तो तिथून काढायला लावा, आणि त्यासाठी खेळ तुमचाच असल्याचा पुरावा द्या.

पुरावा घरात होता. त्यावर तर हे घर वाढलं होतं.

खेळात एक राखणदार तेलाचा डबा घेऊन दीपस्तंभाच्या पायऱ्या चढतो, दिवा लावतो, आणि समुद्रातून जहाज येतं. त्या जहाजाची डोलकाठी वरच्या बाजूला मोडलेली आहे. मध्ये फट, मग टोक. ती फट आपण मुद्दाम ठेवली, असं अप्पा सांगत आले होते. चोर ओळखायला. जो कोणी खेळ उचलेल, तो फटीसकट उचलेल. ही गोष्ट मुलांनी जेवताना ऐकली, पाहुण्यांनी चहाबरोबर ऐकली, आणि थोरलीनं तर बघायला आले त्या दिवशीच ऐकली. क्लबाच्या खेळातही डोलकाठी मोडकीच होती. झालं तर मग, चोर सापडला.

पण थोरलीला परवापासून जेवण जात नव्हतं.

मशीन तपासून ठेवायचं म्हणून तिनं परवा खेळ उघडून आतून पाहिला होता. त्या मशिनांत जागा इतकी कमी, की आजच्या मोबाइलमधला एक फोटो त्यांत मावला नसता. म्हणून तेव्हाचे लोक एकाच गोष्टीकडून दोन-दोन कामं करून घेत. तेच ताट, तेच झाकण. सुरुवातीला पडद्यावर कर्त्याचं नाव येई आणि नावाची तीच अक्षरं मशीन पुढे जहाज काढताना पुन्हा वापरी. मशीनला अक्षर म्हणजे एक आकडाच; त्या आकड्यातून डोलकाठीचा एकेक तुकडा निघे, एकावर एक. अक्षर असेल तिथे लाकूड, कोरी जागा असेल तिथे फट. अप्पांचं नाव आणि आडनाव आखूड होतं. मधली घरं कोरी सोडून आडनावाचं शेवटचं अक्षर तेवढं टोकाला गेलं होतं, नाव पडद्यावर पसरून दिसावं म्हणून. आणि बरोबर तिथेच काठी मोडली होती.

तिनं कोऱ्या घरांत उगाच काहीबाही अक्षरं भरली. डोलकाठी ताठ उभी राहिली.

म्हणजे जहाज ज्यानं बांधलं त्याचं नाव लांब होतं. या घरात असं लांब नाव एकाचंच होतं आणि ते कोणी घेत नसे. सासूबाईंचे धाकटे भाऊ, मुलांचे मामा, मागच्या खोलीत वर्षानुवर्षं राबले आणि एक दिवस मेव्हण्याशी भांडून पिशवी घेऊन गेले, एवढंच तिला ठाऊक होतं. तिनं त्यांचं नाव भरलं. एक घर कमी नाही, एक जास्त नाही. फोटोच्या चौकटीत फोटो बसावा तसं बसलं.

तिनं मशीन बंद केलं, घोटभर पाणी प्यायली आणि कोणालाही काही बोलली नाही. अप्पांच्या गोष्टीतला सापळा हा सापळा नव्हताच. पुसलेल्या नावाचा तो व्रण होता.

"पुरावा म्हणजे कागदच असतो असं नाही, मॅडम," थोरला कंपनीच्या वकीलबाईंना सांगत होता. तो परीक्षा विभागात नोकरीला होता आणि कोणाशीही बोलताना समोरचा नापास होणार असल्यासारखा बोलायचा. "कागद खोटा करता येतो. ही फट कशी खोटी करणार?"

"फट मी पाहिली," वकीलबाई म्हणाल्या. "हे काय म्हणतायत ते ऐकायचंय."

हे म्हणजे क्लबाचे गृहस्थ. पेशानं दातांचे डॉक्टर. बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघायची त्यांना सवय होती, त्यामुळे थोरला जरा तोंड मिटूनच बोलत होता.

"चोर म्हणालात त्याचं वाईट नाही वाटत," डॉक्टर म्हणाले. "आमच्याकडे माणसं ओरडतच येतात. पण साहेब, आम्ही हा खेळ ठेवला नसता तर आज कंपनीला तो मिळाला कुठून असता? तेव्हा खेळ कॅसेटवर असायचे, आणि तुमच्या घरच्या टेपांना तर बुरशी लागली होती ना?"

"घरात भांडं पडून आहे म्हणून शेजाऱ्यानं न्यायचं का?"

"नेलं नाही हो. घासून ठेवलं."

धाकटा पहिल्यांदा हसला. थोरल्यानं त्याच्याकडे पाहिल्यावर त्यानं बिस्किट तोंडात टाकलं.

डॉक्टरांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली कॅसेट काढली. वर लेबल नव्हतं. "ही भंगारात मिळाली. आमच्या कुठल्याच मशीनवर वाचत नाही. पण आमचा एक सभासद सांगतो, लहानपणी त्यानं या खेळात न मोडलेली डोलकाठी पाहिलीय. ते जर या टेपवर असेल, तर खेळ यांच्या नावाच्या आधी दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर होता. टेप भरलीय ती मात्र इथेच, अशी माझी समजूत आहे. तुमच्या कॅसेट डेकचं हेड, म्हणजे टेप वाचतो तो भाग, तेव्हा जरा तिरकं असायचं म्हणे."

"आणि नाही वाचली तर?" थोरल्यानं विचारलं.

"तर आमचा आक्षेप संपला. खेळ काढून टाकू. तसं मॅडमना लिहून दिलंय."

वकीलबाईंनी मान हलवली. "आज लावून बघायची, ही शेवटची संधी. मग सह्या."

खुर्चीत इतका वेळ ऐसपैस बसलेले अप्पा पुढे सरकले. "नसत्या उचापती," ते म्हणाले, आणि मग आवाज मऊ करून, "सूनबाई, जमेल तेवढंच कर हो. मशीन म्हातारं झालंय. फार ताण देऊ नकोस त्याला."

अप्पांनी आजवर तिला कधीही जमेल तेवढंच कर म्हटलं नव्हतं. रात्रीचा दिवस कर म्हणायचे. थोरलीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर वळवून बाहेरच्या रस्त्यावर नेली, जिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं.

ती कॅसेट घेऊन मागच्या खोलीत गेली. मधलं दार उघडंच होतं; पुढे बसलेल्यांना टीव्हीचा पडदा आणि तिची पाठ दिसत होती. हात दिसत नव्हते. ही गोष्ट तिच्या लगेच ध्यानात आली आणि आपल्या लगेच ध्यानात आली याचंच तिला भय वाटलं.

डेकच्या हेडला बाजूला एक बारीक स्क्रू असतो. टेप ज्या तिरकेपणानं भरलेली असेल त्याच तिरकेपणावर हेड आणावं लागतं, तर मशीनला ती वाचता येते. ते मोजायला कुठलं यंत्र लागत नाही. टेप चालू ठेवायची, तिचा कर्कश आवाज ऐकत स्क्रू फिरवायचा आणि आवाज घुसमटलेला जाऊन धारदार झाला की थांबायचं. ऐकणाऱ्याला सगळे आवाज सारखेच भेसूर. फरक कळणारी या घरात ती एकटी होती. आणि चूक केली तर ती कोणाच्या बापाला कळली नसती.

तिनं स्पिरिटच्या बोळ्यानं हेड पुसलं, टेप लावली. खरखर, मग ती किंकाळी. टीव्हीच्या कडेनं रंगीत पट्टे धावू लागले. तिनं स्क्रू फिरवला. आवाज उघडत गेला, उघडत गेला, आणि अगदी उंबऱ्यावर आला असताना तिचा हात थांबला.

मशीनला ताण देऊ नको म्हणून अप्पांनी सांगितलंच होतं. मोठ्यांचं ऐकावं.

पट्टे अडखळले. पडद्यावर ओळ आली: टेप वाचता येत नाही.

"झालं," थोरला म्हणाला, आणि त्यानं तोंड भरून हसून सगळे दात दाखवले. "मॅडम, पेन माझ्याकडे आहे."

"आणखी एकदा बघता येईल?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकदा म्हणजे एकदाच. तोंडी परीक्षा नाही ही."

अप्पा मागे टेकले. वकीलबाई पिशवीतून कागद काढू लागल्या. थोरली पाठमोरी उभी होती, कान तापलेले. टेबल वाचलं होतं. टेबलाकडे मात्र तिला बघवत नव्हतं.

"सूर लागला नाही अजून."

हे सासूबाई म्हणाल्या. चहा देऊन झाल्यापासून त्या शटरजवळच्या स्टुलावर बसून होत्या आणि त्या तिथे आहेत हे सगळे विसरले होते. त्या घरात ते नेहमीचंच होतं. त्या उठून मधल्या दारात आल्या. भाऊ घर सोडून गेल्यापासून त्यांनी हा उंबरा ओलांडला नव्हता, आजही ओलांडला नाही. "डावीकडे ने. किंचित. नखाएवढं."

"तुला काय कळतंय त्यातलं?" अप्पा म्हणाले.

"तुम्ही पुढे गिऱ्हाईक बघत होतात. मागे टेपा कोण भरत होतं? तो लिहायचा, मी भरायची. एकेक टेप कानानं पारखून बाहेर जायची."

"तो म्हणजे कोण?" वकीलबाईंनी विचारलं.

धाकट्यानं हातातलं बिस्किट बशीत ठेवलं.

थोरली वळली. सासूबाई तिच्या हातांकडे बघत होत्या. ओरडा नव्हता त्या नजरेत. आपण खूप वर्षं घातलेली साडी दुसऱ्या कोणाच्या अंगावर दिसावी, तसं त्या बघत होत्या.

"आई, नक्की?" थोरलीनं हळूच विचारलं. "दुकान..."

"ठाऊक आहे मला." सासूबाईही हळूच बोलल्या. "मी सांगायचं ते सांगितलं. नाही म्हणालीस तर पुन्हा बोलायची नाही. मला सवय आहे त्याची. हात तुझा आहे, बाई."

थोरलीला वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सासूनं दरडावलं म्हणून केलं, असं नंतर म्हणता आलं असतं.

"काय कुजबुज चाललीय?" थोरला म्हणाला. "अगं, बंद कर ते."

"एकदाच बघते, अहो," ती म्हणाली आणि टेप मागे फिरवली.

या वेळी तिनं स्क्रूला नखाएवढंही झुकतं माप दिलं नाही. घुसमट गेली, आवाज सुरीसारखा लख्ख झाला, आणि दारातून सासूबाई म्हणाल्या, "हं."

त्या काळचे खेळ मशीनमध्ये भरायला वेळ घेत, आणि तेवढ्या वेळात माणसांची तोंडं दिसत. पट्टे न अडखळता धावत होते. अप्पा उठले, चप्पल शोधू लागले, सापडली तशी न घालताच पुन्हा बसले. थोरला घड्याळ बघत होता. धाकटा मात्र हळूहळू सरळ होत होता. गणित त्याचं नेहमीच लवकर व्हायचं. तो उठून मधल्या दाराशी आला, आईशेजारी उभा राहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "मी तुमच्या बाजूनं आहे बरं का. खरं ते खरं."

"भाऊजी, तुमचं खरं तुमच्या गिऱ्हाईकाला सांगा."

"टोमणा मारा, पण टेप थांबवू नका."

आवाज थांबला. पडदा काळा झाला, मग निळा. दीपस्तंभ उभा राहिला. खाली नाव आलं, लांबलचक, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मामांचं.

थोरलीनं राखणदाराला पायऱ्या चढवल्या. राखणदार दोनदा घसरला. दिवा लागला. उजवीकडून जहाज आलं. डोलकाठी तळापासून टोकापर्यंत सलग, आणि अक्षरांच्या आकड्यांतून निघालेले जास्तीचे ठिपके तिच्या दोन्ही बाजूंनी दोरखंडांसारखे लटकत होते. मोडक्या जहाजात ते तुटक होते, म्हणून कोणाच्या लक्षात आले नव्हते. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"अप्पा," थोरला म्हणाला. एवढंच. आयुष्यभर पाठ केलेलं उत्तर चुकीचं निघावं तसा त्याचा चेहरा झाला होता.

"निघून गेला होता तो," अप्पा पडद्याला उद्देशून म्हणाले. "फुकट वाटा म्हणे सगळ्यांना. दुकान मांडून बसलेल्या माणसानं फुकट वाटायचं? कोणाचं तरी नाव घालावंच लागायचं."

"सापळा कशाला म्हणालात मग?" थोरल्यानं विचारलं.

"नावातली मधली घरं कशी भरायची ते कळेना. लोक विचारायला लागले, काठी मोडकी का. काहीतरी सांगावं लागतं गिऱ्हाईकाला."

वकीलबाईंनी कागद पिशवीत परत ठेवला नव्हता. "हे गृहस्थ हयात आहेत का? त्यांनी सही केली तरी आम्हाला चालेल. अटी त्याच राहतील. दुरुस्तीचं केंद्रसुद्धा."

थोरलीनं मान वर केली. इतका वेळ धरून ठेवलेला श्वास तिनं सोडला, आणि सोडल्यावर कळलं की तो सोडायला नको होता; आशा फार वाईट.

सासूबाईंनी धाकट्याकडे हात पुढे केला. "फोन दे तुझा." नंबर त्यांना पाठ होता. घरातल्या कोणालाही हे माहीत नव्हतं, की इतकी वर्षं भावाचा नंबर त्या पाठ ठेवून होत्या आणि लावत नव्हत्या. धाकट्यानं आवाज मोठा करून फोन सगळ्यांच्या मध्ये धरला.

"मी बोलतेय," त्या म्हणाल्या. "दुकानातून. तुझी टेप लावली आत्ता."

पलीकडून एका म्हाताऱ्या माणसानं विचारलं, "वाचली? कोणी लावली? ते हेड तर वाकडं होतं."

"थोरल्याच्या बायकोनं."

"डोलकाठी?"

"उभी आहे."

"अरे वा," तो आवाज म्हणाला. त्या दोघांचं जे काही बोलणं व्हायचं होतं ते या दोन शब्दांत उरकलं असावं.

वकीलबाईंनी पुढे होऊन कराराचं सांगितलं. सगळे हक्क, एकट्या कंपनीला. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्हाला घ्यायचाय तर घ्या ना," ते म्हणाले. "क्लबालाही राहू दे. कोणी मागेल त्याला द्या. एकट्याला देऊन टाकायचा असता तर मी तेव्हा भांडलो कशाला असतो? माझं नाव लावा, बस्स. तेवढ्यानं काठी उभी राहते."

"एकट्याला नसेल तर कंपनी करार करणार नाही," वकीलबाई म्हणाल्या. "खेळ सगळ्यांना फुकट मिळणार असेल, तर आम्ही इथे केंद्र काढून काय करायचं?"

"ते मला नाही समजत," मामा म्हणाले. "त्या सूनबाईला सांगा, हात चांगला आहे."

थोरलीनं ते ऐकलं. टेबलावरचा भिंगाचा दिवा अजून चालू होता. तिनं तो बंद केला.

वकीलबाई गेल्या. डॉक्टरांनी कॅसेट रुमालात गुंडाळली, दारात थोरलीपाशी थांबले, काहीतरी चांगलं बोलायचं म्हणून तोंड उघडलं आणि नमस्कार करून गेले. धाकटा बाहेर पायरीवर जाऊन फोनवर कोणाला तरी "हो, हो, आता काही अडचण नाही" म्हणत होता. थोरला बायकोकडे न बघता म्हणाला, "पहिल्या वेळी नाही लागली ना? तेव्हाच बंद करायचं होतंस." पहिल्या वेळी ती का लागली नाही, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. ज्यांना कळलं होतं, त्या सासूबाईंनी ते कोणाला सांगितलं नाही.

आता कोणी काय मोजलं ते बघू. अप्पांची एक गोष्ट गेली. चार दिवस ते जेवताना गप्प राहिले, पाचव्या दिवशी "मेव्हण्याला हाताशी धरून मी कसा खेळ काढला" अशी नवी सुरू झाली आणि ती जुनीपेक्षा बरी रंगायची. थोरल्याचं हसू झालं, पण त्याला त्याची सवय होती. धाकट्याला दलाली मिळाली. क्लबाचा खेळ राहिला, कर्त्याचं नाव बदलून. मामांना काठी मिळाली. सासूबाईंनी आपला वाटा आगाऊच भरला होता, इतकी वर्षं, न लावलेल्या फोनांनी. आता त्या दुपारी पाठीमागच्या दारात बसून भावाशी तासन्‌तास बोलत, आणि त्यांचं हसणं किती मोठं आहे ते घराला पहिल्यांदाच समजलं.

महिना उलटायच्या आत दुकानाची चावी गेली. थोरलीनं डेक घरी आणला आणि पलंगाखाली ठेवला. स्क्रू तिनं फिरवला नाही. मामांच्या सुरावर होता तसाच राहू दिला. त्या सुरात तिला आता काही वाजवायचं नव्हतं. नाव पुसलं एकानं, गप्प बसली दुसरी, आणि भरपाई केली तिनं, जी तेव्हा या घरात आलीही नव्हती.